लिनक्स टाकून मिळणारा लॅपटॉप: कुठून घ्यावा, काय तपासावं आणि परदेशातून कसा मागवावा

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत सिस्टमचे उबुंटू किंवा फेडोरा असे अवतार पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर टाकायला आता अर्धा तास पुरतो. मग लिनक्स आधीच टाकलेल्या लॅपटॉपसाठी वेगळी शोधाशोध कशाला? त्या अर्ध्या तासासाठी तर कुणीच जास्तीचे पैसे देत नाही. झाकण मिटल्यावर मशीन खरोखर झोपतं का, उघडल्यावर वायफाय आपोआप जोडलं जातं का, कॅमेरा दिसतो का, स्पीकरचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो का, वर्षभराने फर्मवेअरमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) सुरक्षेची चूक सापडली तर दुरुस्ती कोण देणार, या सगळ्याची जबाबदारी विक्रेत्याने घ्यावी म्हणून आपण पैसे मोजतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एवढंच विचारायचं: इथे जबाबदारी नेमकी कुणाची?

१. "लिनक्ससह" म्हणजे नक्की काय, ते आधी ओळखा

विक्रीच्या पानावर "लिनक्स" असं लिहिलेल्या लॅपटॉपांचे ढोबळ तीन प्रकार असतात. दिसायला सारखे, पण आत जमीन-अस्मानाचा फरक.

पहिला प्रकार नावापुरता. विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचवायचा म्हणून कंपनी स्वस्त मॉडेलवर काहीतरी टाकून देते. कधी ते एंडलेस ओएस हे साधं लिनक्स असतं, कधी जुन्या डॉससारखं फ्रीडॉस. फ्रीडॉस तर लिनक्सही नाही. घेणारा ते पुसून आपल्याला हवं ते टाकेल, हे कंपनीने गृहीतच धरलेलं असतं. सपोर्टच्या पानावर ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) फक्त विंडोजचे दिसले, की समजून जा. असा लॅपटॉप वाईटच निघेल असं नाही, पण तो लिनक्सवर नीट चालला तर ते तुमचं नशीब.

दुसरा प्रकार मोठ्या कंपन्यांचा. डेलने २०१२ मध्ये प्रोजेक्ट स्पुटनिक या नावाने प्रोग्रामर मंडळींसाठी उबुंटूवाला एक्सपीएस १३ आणला. लेनोवोने २०२० मध्ये काही थिंकपॅड फेडोरासह विकायला सुरुवात केली आणि उबुंटूचा पर्यायही बऱ्याच मॉडेलना दिला. यात हार्डवेअर विंडोजच्या मॉडेलसारखंच असतं, सुटे भाग सहज मिळतात, दुरुस्तीचं जाळं मोठं असतं. अडचण उपलब्धतेची आहे. एकाच मॉडेलला एका देशाच्या संकेतस्थळावर उबुंटूचा पर्याय दिसतो आणि शेजारच्या देशात दिसत नाही. एचपीने २०२२ मध्ये पॉप ओएस (उबुंटूवर आधारलेलं लिनक्स) टाकलेला डेव्ह वन हा लॅपटॉप आणला होता, पण तो फक्त अमेरिकेत विकला. पर्याय दिसला नाही तरी विक्री विभागाला एकदा विचारा. काही वेळा तो कंपन्यांसाठीच्या खरेदीत दडलेला असतो.

तिसरा प्रकार लिनक्सवरच पोट असलेल्या छोट्या कंपन्यांचा. अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम७६, जर्मनीत ऑग्सबुर्गची टक्सेडो, स्पेनची स्लिमबुक, ब्रिटनची स्टार लॅब्स, नेदरलँड्सची नोव्हाकस्टम, आणि खासगीपणावर भर देणारी अमेरिकेचीच प्युरिझम. फ्रेमवर्क थोडी बाजूला बसते: ती सिस्टमशिवायही लॅपटॉप विकते आणि फेडोरा, उबुंटूवर तो नीट चालावा याची काळजी घेते. नवख्याला पेनड्राइव्हची भीती नसेल तर हाही पर्याय यादीत ठेवावा.

या छोट्या कंपन्यांबद्दल एक गोष्ट कळली की काहींचा हिरमोड होतो: यातल्या बऱ्याच जणी लॅपटॉपचा सांगाडा स्वतः बनवत नाहीत. तैवानच्या क्लेव्होसारख्या कारखान्याकडून तयार सांगाडा येतो आणि त्यावर कंपनीचं नाव लागतं. मला यात फसवणूक दिसत नाही. कुठला सांगाडा घ्यायचा, त्यात कोणतं वायफाय कार्ड बसवायचं, पंखा कधी फिरवायचा, फर्मवेअर कोणतं घालायचं, हेच खरं काम आहे आणि ते या कंपन्या करतात. सिस्टम७६ आपल्या अनेक लॅपटॉपांवर कोअरबूट या प्रकल्पावर आधारलेलं स्वतःचं खुलं (ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो असं) फर्मवेअर देते. टक्सेडोने पंखा आणि वीजवापर हाताळायला स्वतःचं कंट्रोल सेंटर लिहिलं आहे. शिवाय मूळ सांगाड्याचा मॉडेल क्रमांक कळला तर पुढे बॅटरी आणि कीबोर्ड शोधणं सोपं जातं. तो क्रमांक विचारून ठेवा.

२. देशातून की परदेशातून?

माझं मत सरळ आहे. तुमच्या देशात मोठ्या कंपनीचं लिनक्ससह विकलं जाणारं मॉडेल आणि त्याची स्थानिक सेवा मिळत असेल, तर पहिल्या खरेदीला तेच घ्या. खुलं फर्मवेअर, कॅमेरा-माइक वीजप्रवाहातूनच तोडणारी बटणं, वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड किंवा सहज उघडता येणारी रचना, असं काही खास हवं असेल तरच परदेशी मागवण्याचा खटाटोप करा. नुसती किंमत कमी दिसते म्हणून परदेशातून मागवणारे कर, वाहतूक आणि पहिली दुरुस्ती यांची बेरीज बहुतेक वेळा विसरलेले असतात.

३. हार्डवेअर: नेमकं कुठे अडतं

इंटेल-एएमडीचा प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची चिंता सोडा; लिनक्सवर ते चालतातच. अडतं ते कडेच्या गोष्टींवर.

सगळ्यात जास्त त्रास झोपेचा. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप एस-थ्री नावाच्या अवस्थेत जायचा. रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जायची. नव्या बऱ्याच मॉडेलांमध्ये ही अवस्था काढूनच टाकलेली असते. तिच्या जागी विंडोजच्या मॉडर्न स्टँडबायसाठी केलेली अर्धवट झोप असते, जिला लिनक्समध्ये एस-टू-आयडल म्हणतात. तिच्यात एखादा भाग जागा राहिला की बॅगेत लॅपटॉप तापतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. म्हणून विक्रेत्याला थेट विचारा: झाकण मिटून रात्रभर ठेवला तर बॅटरी किती टक्के उतरते? लिनक्सवर खरंच काम करणाऱ्या कंपनीकडे याचं उत्तर तयार असतं. उडवाउडवी झाली तर तेही उत्तरच समजा.

कॅमेऱ्याचा घोळ नवीन आहे. इंटेलच्या नव्या पिढ्यांच्या काही पातळ लॅपटॉपांमध्ये कॅमेरा नेहमीसारखा आतल्या यूएसबीवर नसतो. तो प्रोसेसरमधल्या आयपीयू नावाच्या भागाला जोडलेला असतो आणि त्याला वेगळे ड्रायव्हर लागतात. कंपनीने टाकून दिलेल्या उबुंटूत ते असतात. तुम्ही उद्या दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा अवतार) टाकलं की कॅमेरा गायब होऊ शकतो. यूएसबीवरचा साधा कॅमेरा असेल तर ही कटकट नाही.

वायफायला इंटेलचं कार्ड असेल तर निर्धास्त राहा, त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात. ब्रॉडकॉमची ख्याती जुनी आणि वाईट आहे. रिअलटेक आणि मीडियाटेकची नवी कार्डं चालतात, पण त्यांना बहुधा नवा कर्नल लागतो. कार्ड एम-टू खाचेत बसवलेलं असेल तर नंतर बदलता येतं, बोर्डावर डाग देऊन जोडलेलं असेल तर नाही. रॅमचंही तसंच.

बोटांच्या ठशांचा सेन्सर हवाच असेल, तर लिनक्समध्ये असे सेन्सर चालवणाऱ्या लिबएफप्रिंट प्रकल्पाच्या यादीत तो आहे का ते पाहा. नसेल तर सेन्सर नाहीच असं समजून किंमत ठरवा.

ग्राफिक्सबद्दल लोक फार गोंधळतात. गेम, थ्रीडी किंवा मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाची वेगळी ग्राफिक्स चिप खरोखर लागत असेल तर घ्या. २०२२ पासून एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला आहे आणि परिस्थिती सुधारली आहे. तरीही दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये बॅटरी लवकर संपणं, बाहेरच्या स्क्रीनचं पोर्ट नेमकं एनव्हिडियाच्याच चिपला जोडलेलं असणं, सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून ड्रायव्हर टाकताना चावी नोंदवावी लागणं, हे सगळं सोबत येतं. लिहिणं, प्रोग्रामिंग, ऑफिसचं काम एवढंच असेल तर प्रोसेसरमधलंच इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्स पुरे.

आर्म प्रोसेसरचे (मोबाइलमधल्यासारख्या, इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीच्या चिपचे) लॅपटॉप बॅटरीच्या आकड्यांमुळे मोहात पाडतात. नवख्याने थांबावं. टक्सेडोसारख्या कंपनीने स्नॅपड्रॅगन एक्स एलिट या आर्म प्रोसेसरवर लिनक्स लॅपटॉप काढायचा प्रयत्न करून २०२५ मध्ये तो सोडून दिला, यावरून काय ते ओळखा.

प्रमाणपत्राविषयीही सावध राहा. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी त्यासाठी प्रमाणित हार्डवेअरची यादी ठेवते. ती उपयोगी आहे, पण मॉडेलच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. काही मॉडेलांची चाचणी लॅपटॉपसोबत येणाऱ्या खास उबुंटूवर झालेली असते. संकेतस्थळावरून उतरवलेलं साधं उबुंटू त्यावर तितकं नीट चालेलच असं नाही. अशा मॉडेलमध्ये मूळ सिस्टम पुन्हा टाकता येईल अशी रिकव्हरी फाइल मिळते का, हे खरेदीआधीच विचारायचं.

४. कीबोर्ड आणि चार्जर

परदेशी लॅपटॉपचा कीबोर्ड त्या देशाचा असू शकतो. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, फ्रेंचमध्ये आकड्यांसाठी शिफ्ट दाबावी लागते. युरोपीय आयएसओ मांडणीत एंटरची कळ उभी आणि डावी शिफ्ट आखूड असते. अमेरिकी एन्सी मांडणीत एंटर आडवी. सेटिंग्जमध्ये मांडणी बदलता येते, पण कळांचा आकार बदलत नाही, आणि हात रोज तिथेच अडखळतो. अमेरिकी मांडणीचा पर्याय बहुतेक विक्रेते देतात. कळांवर हवी ती अक्षरं छापून देण्याची सोयही काहींकडे आहे. मात्र तुमच्यासाठी मुद्दाम बनवलेली वस्तू युरोपियन युनियनच्या नियमानुसार १४ दिवसांत परत करण्याच्या हक्कातून वगळलेली असते. देवनागरीसाठी छापील कळा लागत नाहीत. इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, लिनक्समध्ये दोन्ही सेटिंग्जमधून चालू होतात.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतंच, म्हणून विजेची काळजी नको. फक्त भिंतीत जाणारी वायर आपल्या पिनची हवी. यूएसबी-सीवर चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. चार्जर बिघडला तरी दुसरा जवळच मिळेल.

५. खरी किंमत काढा

जागतिक व्यापारात लॅपटॉप ८४७१.३० या वर्गात मोडतो: दहा किलोपर्यंतचे, सोबत नेता येणारे संगणक. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केलेल्या देशांमध्ये यावरची सीमाशुल्काची मूळ जकात सहसा शून्य असते. पण त्यावरून लॅपटॉप करमुक्त येईल असं समजू नका. आयातीवरचा जीएसटी किंवा व्हॅट वेगळा लागतो, आणि बहुतेक देशांत तो वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर काढतात. वर कुरियर कंपनी कागदपत्रं हाताळल्याचं शुल्क लावते.

उलट बाजूने, युरोपियन युनियनमधल्या दुकानात दिसणारी किंमत तिथला व्हॅट धरून असते. जर्मनीत तो १९ टक्के, स्पेन आणि नेदरलँड्समध्ये २१. युनियनबाहेर माल पाठवताना विक्रेत्याला तो वगळता येतो. म्हणजे जर्मनीत ११९ दिसणारी किंमत निर्यातीला १०० होते. ती आपोआप कमी होते का, हे पत्त्यात आपला देश निवडून पाहा. अमेरिकी दुकानांत कर सहसा आधी धरलेला नसतो, म्हणून दोन्हीकडच्या किमती शेजारी ठेवून तुलना करू नका.

पाठवण्याच्या अटींत डीडीपी लिहिलं असेल तर कर-जकात भरून माल दारात येतो. डीएपी असेल तर माल दारात येईल, पण कर तुम्ही भरायचा. बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही धरा. पैसे क्रेडिट कार्डने द्या. माल आलाच नाही तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवण्याची वाट तरी राहते.

बिलावर किंमत कमी दाखवा, अशी विनंती विक्रेत्याला करू नका. ते बेकायदा आहेच, आणि पेटी वाटेत हरवली तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळेल. काही देशांत संगणक किंवा वायरलेस उपकरणांच्या आयातीला परवानगी लागते. स्वतःच्या वापरासाठी एकच नग असेल तर नियम वेगळा असू शकतो. आपल्या सीमाशुल्क खात्याचं पान ऑर्डर देण्याआधी वाचा, पेटी अडकल्यावर नाही.

६. वॉरंटी: परदेशी खरेदीचं खरं दुखणं इथे आहे

कर एकदाच भरावा लागतो, बिघाडाची वेळ मात्र कुणी सांगून येत नाही. विक्रेत्याला हे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. माझ्या देशातून परत पाठवायचा खर्च कुणाचा? दुरुस्तीनंतर परत येताना लागणारा कर कुणाचा? कीबोर्ड, पंखा, बिजागरी असा सुटा भाग तुम्ही मला पाठवाल का, आणि मी तो स्वतः बसवला तर वॉरंटी राहील का? दुसरं डिस्ट्रो टाकलं तर हार्डवेअरची वॉरंटी शाबूत राहते का? यातला सुट्या भागाचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पंख्याचा डबा पाठवणं आणि पूर्ण लॅपटॉप दोनदा समुद्रापार नेणं यात पैशाचा आणि वेळेचा फार मोठा फरक आहे. खोलण्याची चित्रांसह माहिती देणारी कंपनी म्हणूनच मला जास्त पटते.

लॅपटॉप परत पाठवायची वेळ आलीच, तर निर्यातीच्या कागदांवर "दुरुस्तीसाठी, परत येणार" असं स्पष्ट लिहून सीरियल क्रमांक टाका आणि मूळ आयातीची पावती सोबत जोडा. हे राहिलं तर दुरुस्त होऊन आलेला तुमचाच लॅपटॉप नवी आयात ठरू शकतो आणि त्यावर पुन्हा कर लागतो.

बॅटरीचा विचार वेगळा करावा लागतो. लॅपटॉपमध्ये बसवलेली लिथियम बॅटरी यूएन ३४८१ या वर्गात कुरियरने जाते. सुटी बॅटरी मात्र २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही, आणि अनेक विक्रेते ती परदेशी पाठवतच नाहीत. तीन-चार वर्षांनी बॅटरी थकणार हे नक्की. तेव्हा ती कुठून आणायची, हे आज ठरवा. येणारं-जाणारं कुणी असेल तर १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी प्रवासी हातातल्या सामानात साधारणपणे नेऊ शकतात. लगेज म्हणून दिलेल्या बॅगेत ती चालत नाही.

माल फिरवून पाठवणाऱ्या मधल्या कंपन्यांचा पत्ता वापरायचा मोह होतो. ज्या देशात आम्ही विकत नाही तिथे वॉरंटी नाही, असं कलम अनेक विक्रेत्यांच्या अटींत असतं. ते आधी पाहा.

७. ऑर्डर देताना

एसएसडी एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) मागता येत असेल तर मागा. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती निवडली तर पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण तेरा महिने मिळतात आणि पुढच्या आवृत्तीवर जात राहावं लागतं. नवख्याने एलटीएस घ्यावं. अजून तयारच न झालेल्या मॉडेलची आगाऊ नोंदणी टाळा. आणि हो, प्युरिझम, नोव्हाकस्टमसारख्या कंपन्या वाटेत कुणी लॅपटॉप उघडला तर कळावं म्हणून स्क्रूंवर चमकीचं नेलपॉलिश लावून त्याचे फोटो वेगळे पाठवण्याची सोय देतात. बहुतेकांना याची गरज नाही, पण ज्यांना आहे त्यांना हे माहीत असावं.

८. पेटी आल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ काढा. सीरियल क्रमांक बिलाशी जुळवा. खातं तयार झाल्यावर पहिलं काम, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर विक्रेत्याने दिलेला पासवर्ड बदलणं. मग सगळे अपडेट घ्या. फर्मवेअरचे अपडेटही लिनक्समध्ये एलव्हीएफएस या सेवेतून सॉफ्टवेअरच्या दुकानातच दिसतात. तुमचं मॉडेल तिथे नसेल तर विक्रेता ते कसे देतो ते विचारा.

मग परतीची मुदत संपण्याआधी मशीनला भरपूर छळा. प्रत्येक पोर्टात काहीतरी लावा. बाहेरची स्क्रीन जोडा, काढा, पुन्हा जोडा. व्हिडिओ कॉल करून माइक आणि कॅमेरा बघा. ब्लूटूथ हेडफोन लावा. पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल शोधा. एक रात्र रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवा, दुसऱ्या रात्री झाकण मिटून ठेवा आणि सकाळी बॅटरीची टक्केवारी विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता पॉवर स्टॅटिस्टिक्स नावाच्या अ‍ॅपमध्ये दिसते. नव्या लॅपटॉपमध्ये दोन्ही जवळजवळ सारख्या हव्यात. कायम चार्जरवर राहणार असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंग्जमध्ये किंवा विक्रेत्याच्या अ‍ॅपमध्ये शोधा.

काही खटकलं तर फोनवर सांगून सोडू नका. लिहून, फोटोसह कळवा, कारण मुदतीत तक्रार केल्याचा पुरावा लागतो. रिकव्हरी फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि मूळ पेटी आतल्या फोमसकट किमान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. लिथियम बॅटरी असलेली वस्तू घरच्या खोक्यात बांधून दिली तर कुरियरवाला ती घ्यायला नकार देऊ शकतो.